डोप, कोरड्यास आणि 'माजी' विजेता

उदगीरहून एका वाचकांनी विचारलंय: 'डोपिंग'ला 'उत्तेजक सेवन' म्हणणं बरोबर आहे का? आणि सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा 'माजी विजेता' लिहावं का?

पहिलं आधी, कारण त्यानं रोज सकाळी डोकं उठतं. खेळाच्या पानावर कुणीही सापडो, मथळा ठरलेला: 'उत्तेजक चाचणीत दोषी'. सायकलपटू टॉम सिम्पसन १९६७ साली त्याच शर्यतीत माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर कोसळून गेला, अंगात अ‍ॅम्फेटामिन निघालं. त्याला खुशाल उत्तेजक म्हणा. पण आर्मस्ट्राँगनं घेतलेलं ईपीओ हे औषध रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, त्यात उत्तेजना कसली? स्वतःचंच रक्त काढून ठेवून शर्यतीआधी परत चढवणं हेही डोपिंगच. तेव्हा सरळ 'डोपिंग' लिहा, कळतं सगळ्यांना.

आता मजा ऐका. डचमध्ये 'डोप' म्हणजे ज्यात बुडवून खायचं ते कालवण. अमेरिकेतल्या डचांकडून तो इंग्रजीत शिरला. आधी दाट रश्श्याला, मग चिलमीतल्या दाट अफूला, पुढं शर्यतीच्या घोड्याला द्यायच्या औषधाला डोप म्हणू लागले. म्हणजे आपलं कोरड्यासच की हो! परभणीला आमची आजी भाकरी थापता थापता विचारायची, "कोरड्यास काय केलंय गं?" पातळ वरणाला असलं कोरडं नाव म्हणून पुण्याचे पाहुणे हसायचे. अहो, कोरड्या भाकरीस लावायचं ते कोरड्यास. 'स, ला, ते' घोकलंत ना शाळेत? तोच हा 'स'. आमचे एक प्राध्यापक मित्र हे मानत नाहीत. त्यांनी दुसरी व्युत्पत्ती आणावी, मग बोलू.

क्रीडावैद्यकवाले वेगळंच सांगतात: दक्षिण आफ्रिकेत द्राक्षाच्या सालींची 'डॉप' नावाची दारू झुलू योद्धे लढाईआधी प्यायचे, तिथून डोप. गोष्ट झकास आहे. पण ती दारू अमेरिकेतल्या अफूच्या चिलमीत कुठल्या वाटेनं उतरली? नुसता उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नसते.

हां, आर्मस्ट्राँग राहिलाच. 'माजी' हा मूळ अरबी, अर्थ होऊन गेलेला. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले आमचे आजोबा व्याकरणातल्या भूतकाळालाच 'माज़ी' म्हणायचे. माजी आमदार कधीतरी खरंच आमदार असतो. आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाहीत, यादीत त्या जागा कोऱ्याच. त्याचा 'माज़ी'च रद्द झाला, मग 'माजी' कसला? 'विजेतेपद रद्द झालेला' लिहा. उलट डेन्मार्कच्या ब्यार्न रीसनं २००७ मध्ये ईपीओ घेतल्याचं स्वतः कबूल केलं, तरी १९९६ ची टूर द फ्रान्स त्याच्याच नावावर आहे. त्याला 'माजी विजेता' चालतं, लिहिताना जीभ अडखळली तरी. आणि आर्मस्ट्राँगचं नाव काढलं की शिव्या हासडणारे आमचे सायकलवाले मित्र १९९८ ची टूर जिंकलेल्या इटलीच्या पांतानीचा विषय निघाला की डोळे पुसतात. त्याचेही त्याच वर्षीचे नमुने पुढं ईपीओचे निघाले होते म्हटलं, तर चहा अर्धा ठेवून उठले.