क्लोन केल्यावर उरलेली जागा सी ड्राइव्हला का जोडता येत नाही?

५०० जीबीची डिस्क १ टीबीवर क्लोन केली, आता ४६५ जीबी 'अनअलोकेटेड' (कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली) दिसते आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा ड्राइव्ह वाढवायचा पर्याय पुसट आहे, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, जागा कुठं गेली नाही. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची नक्कल, पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांच्या, मापासकट.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्हला फक्त उजवीकडची, अगदी लागून असलेली जागा देतं. तुमच्याकडे मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी ठेवलेला कप्पा) ठाण मांडून बसलं असणार. जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या सॉफ्टवेअरच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून कॉम्प्युटर थेट सुरू होतो) ते पार शेवटी सरकवा, मग विंडोजमध्ये येऊन सी वाढवा. सरकवताना वीज गेली तर डाटा बोंबलला समजा. नागपुरातल्या मे महिन्यात हे काम मी तरी यूपीएसशिवाय करत नाही. जुनी डिस्क तोवर पुसू नका.

पण एवढा खटाटोप हवाच का? नुसते फोटो-सिनेमे ठेवायचे असतील तर त्या रिकाम्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', झाला डी ड्राइव्ह. मी हेच करतो.

पुढं कधी सीताबर्डीच्या बाजारातून ४ टीबीची आणलीत तर आधी डिस्क एमबीआर आहे की जीपीटी ते बघा; पार्टिशनची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती, एमबीआर जुनी, जीपीटी नवी. एमबीआरवर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही.