गरिबांना थेट पैसे दिले तर काही बदलतं का, की सगळं दारूत जातं?

दारूत उडवतील ही भीती सगळ्यांनाच असते, पण बहुतेक अभ्यासांत दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसत नाही. केनियात गिव्हडायरेक्टली संस्थेने मोबाईलवर पैसे पाठवले तर कित्येक घरांनी गवताचं छप्पर काढून पत्रे टाकले, कारण गवत सारखं बदलावं लागतं आणि तो खर्च कायमचा वाचतो, शिवाय जनावरं घेतली, खाणंपिणं सुधारलं. केनियातल्याच सियाया भागात १० हजारांवर घरांना साधारण १००० डॉलर दिले तेव्हा ज्यांना काहीच मिळालं नाही त्या शेजाऱ्यांचाही हात सैल झाला (पैसा तिथल्याच दुकानांत फिरणार ना) आणि महागाई मात्र जेमतेमच वाढली. एकरकमी मिळाले की मोठी वस्तू घेतात, दरमहा मिळाले की पोटापाण्याला जातात. बाकी दवाखानाच जवळ नसेल तर नुसत्या पैशाने भागत नाही हेही खरंय.