दुसऱ्यासाठी धावणं तिसऱ्या आठवड्यात का थांबतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, राहायला ताळगावला, नोकरी पणजीत. बाबांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू अजून कमजोर आहे, बोलताना शब्द अडतात. ते आईसोबत डिचोलीच्या घरी असतात. 'बाबांसाठी धावायचं' असं ठरवून तुम्ही दोनदा सुरुवात केलीत आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं. आता डिसेंबरात १० किलोमीटर धावायचं मनात आहे, आणि आपली प्रेरणाच कमी पडते का, असं तुम्ही विचारलंय.

प्रेरणा कमी पडलेली नाही. पहिल्या आठवड्यात ती फार जास्त होती आणि तिने पायांना झेपेल त्याच्या दुप्पट काम करून घेतलं. पहिल्याच दिवशी मिरामारहून दोना पावलापर्यंत न थांबता गेलो आणि पुढे नडगी दुखायला लागली, हे तुम्हीच लिहिलंय. दम आणि स्नायू दोन-तीन आठवड्यांत सुधारू लागतात, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) यांना काही महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात छाती 'हो' म्हणते आणि पाय नकार देतात. त्यात बाबांचं नाव जोडलेलं असलं की थांबणं म्हणजे त्यांना फसवणं वाटतं, माणूस दुखत्या पायाने आणखी चार दिवस ओढतो आणि मग सगळंच सोडतो. म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करा. बाबांचं नाव तुम्हाला घराबाहेर काढण्यासाठी आहे. किती धावायचं आणि किती वेगाने, हे त्या नावाने ठरवायचं नाही.

सुरुवातीआधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. घरात अर्धांगवायू झालेला आहे आणि तुमची चाळिशी उलटली आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात हे होतं. आकडे जास्त निघाले तर डॉक्टरांनी सांगितल्यावरच बूट घाला. बाबांसाठी करायची पहिली गोष्ट हीच आहे.

आता समर्पणाबद्दल. मनातल्या मनात केलेलं समर्पण फार टिकत नाही, कारण समोरच्या माणसाला त्याचा पत्ताच नसतो. अमेरिकेतल्या डिक आणि रिक हॉयट या बापलेकांचं उदाहरण बरेच जण देतात, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट निसटते. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. १९७७ मध्ये, अपघातात अपंग झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी असलेल्या ५ मैलांच्या शर्यतीत भाग घ्यायचा, हे सुचवलं रिकने, वडिलांनी नव्हे. डिक तेव्हा काही धावपटू नव्हते. त्यांनी चाकांची खुर्ची ढकलत ते अंतर पूर्ण केलं आणि पुढे ही जोडी बोस्टन मॅरेथॉन अनेकदा धावली. ज्याच्यासाठी धावायचं तो माणूस त्या धावण्यात होता, म्हणून ते इतकी वर्षं चाललं.

तुमच्या बाबांना खुर्चीत बसवून रस्त्यावर नेण्याची गरज नाही. त्यांना एक काम द्या. रविवारची धाव डिचोलीच्या घराभोवती ठेवा. घरासमोरून जाणारी साधारण ४०० मीटरची एक चक्कर फोनवर मोजून घ्या. बाबांना पडवीत हात असलेल्या खुर्चीत बसवा, समोर कोपर टेकेल इतक्या उंचीचं टेबल ठेवा, त्यावर दोन रुंद तोंडाच्या वाट्या. डावीकडच्या वाटीत दहा लिंबं. तुमची एक चक्कर झाली की बाबांनी उजव्या हाताने एक लिंबू उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचं. थोडं धावत, थोडं चालत ४०० मीटरला तुम्हाला तीन ते चार मिनिटं लागतील. कमजोर हाताला बोटं उघडणं, पकडणं, उचलणं आणि सोडणं यासाठी तेवढा वेळ पुरतो, घाई होत नाही. शेवटच्या 'सोडण्या'लाच बहुतेकांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, तेव्हा डाव्या हाताने बोटं ओढून काढायला लावू नका, थांबा. काही आठवड्यांनी लिंबांच्या जागी सुपाऱ्या, नंतर चिंचोके. वस्तू लहान होत जाते तशी पकड अवघड होते. पण सुपारी तोंडात टाकायची जुनी सवय असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर लिंबांवरच थांबा. हे सगळं त्यांच्या फिजिओथेरपिस्टला आधी दाखवा. हात फार ताठ असेल किंवा खांदा दुखत असेल तर ते वेगळी वस्तू, वेगळी उंची सांगतील. पंचवीस मिनिटांच्या वर नेऊ नका. झटक्यानंतर थकवा लवकर येतो आणि तो आळस नसतो.

मागच्या रविवारी सहा लिंबं झाली म्हणून या रविवारी सात करायची, असं मात्र अजिबात नको. चकरा किती होतात ते वेळेवर सोडा. आणि 'मी पळतोय बघा, तुम्हीही प्रयत्न करा' हे वाक्य चुकूनही बोलू नका. ते ऐकणाऱ्याला टोचतं.

उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात असते, आणि भाषेचं काम बहुतेक माणसांत तिथेच चालतं. म्हणून त्यांचे शब्द अडतात, समज कमी झालेली असते असं नाही. आठवड्यातल्या इतर दिवशी फोन करून 'कसं वाटलं बाबा?' असं विचारलं तर ते उत्तर शोधत दमतील. त्यापेक्षा धावून झाल्यावर एक फोटो पाठवा: बेतीला निघालेली फेरीबोट, कांपालच्या काठाला लागलेलं मांडवीचं पाणी. मग फोनवर 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारा, 'आज भरती होती ना?' आणि पुढचा शब्द तुम्ही भरू नका, निदान दहा सेकंद थांबा.

आठवड्यातल्या तीन धावांपैकी फक्त रविवारची धाव बाबांच्या नावावर ठेवा. उरलेल्या दोन साध्या. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण प्रत्येक वेळी तीच भावना ढवळून काढली की ती बोथट होते, आणि मंगळवारच्या कंटाळवाण्या अर्ध्या तासाला तेवढ्या भावनेची गरजही नसते. त्या दिवशी ठरलेली वेळ, रात्रीच काढून ठेवलेले बूट आणि ठरलेला रस्ता पुरतो.

वेळापत्रक असं ठेवा. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी १० किलोमीटर हवं असेल तर २० आठवडे लागतील, म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात. मंगळवार, गुरुवार, रविवार. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं भरभर चालणं. मधला भाग: पहिले दोन आठवडे १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २ धावणं, २ चालणं, ६ वेळा. पाचव्या-सहाव्यात ४ आणि २, ५ वेळा. सातव्या-आठव्यात ८ आणि २, ३ वेळा. नवव्या-दहाव्यात १२ आणि २, दोनदा. अकराव्यात १५ मिनिटं, मध्ये २ चालणं, पुन्हा १५. बाराव्यात सलग २५ ते ३० मिनिटं. अंतर ४ किलोमीटर भरो की ५, त्याने काही बिघडत नाही. तेराव्या आठवड्यापासून फक्त रविवारचं अंतर वाढवा: ५, ६, ७, मग एक आठवडा उतरून ५, पुन्हा ७, ८, मग हलके ५, आणि विसाव्या रविवारी १०. सातव्या-आठव्या आठवड्यात पहिल्यांदा 'आपल्याला जमतंय' असं वाटतं. बहुतेक जण तिथेच जोर लावतात आणि पाय दुखवून घेतात.

वेग घड्याळावर बघू नका. धावता धावता बाबांना सांगायचं असेल ते एक पूर्ण वाक्य मोठ्याने बोला. मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे. पावसाळ्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगाला नाडी वर जाते. म्हणून ऑगस्टमधला तुमचा संथ वेग हाच योग्य वेग समजा.

रस्त्यांबद्दल थोडं. कांपाल ते मिरामार हा नदीकाठचा पट्टा सपाट आहे, सुरुवातीला तोच घ्या. जुलैत उजाडायला सव्वासहा होतात, डिसेंबरात पावणेसात, तेव्हा अंगावर फिकट किंवा चमकणारा कपडा हवाच आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनेच धावायचं. रायबंदरचा जुना बांध सुंदर आहे, पण अरुंद आहे. वाहनं सुरू झाल्यावर तिथे धावू नका. मिरामारच्या वाळूवर ओहोटीला लाटांजवळचा भाग कडक असतो, पण तो समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने लांब गेलं तर एका घोट्यावर सगळा भार येतो. जाऊन तसंच परत या, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि फरशीवर शेवाळ धरतं, तिथे चालत जा. ऑक्टोबरात वीज कडाडू लागली की ताळगावच्या उघड्या पठारावर थांबू नये. कुत्रा अंगावर आला तर धावणं बंद, त्याच्याकडे रोखून न बघता हळू चाला.

भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. पावसाळ्यात दोन जोड असतील तर फार सोय होते. मांड्या आणि बगल यांना व्हॅसलीन लावा. निघण्याआधी एक केळं पुरे. परतल्यावर मीठ घातलेली पेज आणि तोंडी लावायला लोणचं, यापेक्षा चांगलं काही विकत मिळत नाही: पाणी, मीठ, तांदूळ, तिन्ही एकत्र. बाबांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलं असेल, तर त्यांची पेज वेगळी काढा.

आता चुकलेल्या दिवसाबद्दल. चवथ येईल, ऑफिसचं काम येईल, तापही येईल. म्हणून 'झालं' कशाला म्हणायचं याची खालची मर्यादा आजच ठरवा: बूट घालून १० मिनिटं चालणं. तेवढं केलं तरी बाबांना फोटो जातो. दोन आठवडे खंड पडला तर वेळापत्रकात दोन आठवडे मागे जा, बुडालेलं भरून काढायला जाऊ नका. दुखण्यासाठी एकच कसोटी: ज्या दुखण्याने चाल बदलते, लंगडावं लागतं, त्या दिवशी धावणं नाही. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते हाडाला तडा जाण्याचं लक्षण असू शकतं. छातीत दाब, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं: थांबा आणि १०८ ला फोन करा.

'दुखलं तरी थांबायचं नाही' म्हणून टेरी फॉक्स यांचं नाव सांगणारे पुष्कळ भेटतील. कर्करोगात उजवा पाय गमावलेला हा कॅनडाचा तरुण १९८० मध्ये १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर धावला आणि कर्करोग फुप्फुसांत पोचल्यावर थांबला. पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्याबद्दल आदर ठेवावा, पण ते कोणाचं वेळापत्रक होऊ शकत नाही. त्याच्याकडून घेण्यासारखं दुसरंच आहे: त्याचं मागणं मोजता येण्यासारखं होतं, देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. 'बाबांसाठी' हा शब्द मोठा आहे, 'रविवारी पंचवीस मिनिटं आणि वाटीतली लिंबं' हे मोजता येतं.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. तुम्ही धावता त्या वेळी बाबांना उठवणं, अंघोळ, औषधं कोण बघतं? आई एकटीच करत असेल तर रविवारची धाव त्यांच्या कामाच्या वेळेतून काढू नका. शनिवारी रात्री डिचोलीला पोचा, सकाळी बाबांचं तोंड धुणं, चहा, गोळ्या तुम्ही करा, मग बाहेर पडा आणि परतल्यावर अंघोळही तुम्हीच घाला. तेवढा वेळ आईला देवळात जाऊ द्या किंवा झोपू द्या. बाबांची तब्येत बिघडली, इस्पितळात न्यावं लागलं, तर धावणं बाजूला ठेवा. तेव्हा वॉर्डच्या बाहेर दहा मिनिटं चालणं पुरे आहे.

बाबांचा फोटो छापलेला टी-शर्ट किंवा समाजमाध्यमावरची पोस्ट त्यांना विचारल्याशिवाय नको. वाकडा झालेला चेहरा लोकांनी बघावा असं बऱ्याच जणांना वाटत नाही, आणि शब्द अडत असल्यामुळे ते नाही म्हणू शकणार नाहीत. फोटो दाखवा, मान हलवण्याची वाट बघा. शर्यतीच्या क्रमांकाच्या कागदामागे बहुधा रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहायला जागा असते, ती भरा, बाबांचं नाव तिथेच लिहा.

डिसेंबरात त्यांना शर्यतीच्या शेवटाला उभं करायचा मोह होईल. पहाटेचा प्रवास, गर्दी आणि लाउडस्पीकर यांनी ते दिवसभर गळून जातील. त्यापेक्षा तेच १० किलोमीटर डिचोलीच्या चकरांवर धावा: ४०० मीटरच्या २५ चकरा. बाबा शेवटच्या आठ चकरांना बाहेर येतील, त्याआधीच्या सतरा आई मोजतील किंवा शेजारचं एखादं पोर.