एका व्याख्यानाऐवजी चार बैठका घ्या

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या वाचनालयात आठवी ते बारावीच्या मुलांसाठी खोट्या बातम्यांवर तासाभराचं व्याख्यान ठेवायचं आहे, वक्ता कोण बोलवावा, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याच्या बाजूला मुलांच्या अशा बैठका घेत आले आहे, म्हणून आग्रहाने सांगते: वक्ता शोधू नका. तोच खर्च आणि तीच धावपळ चार बैठकांमध्ये विभागा. दोन बैठकांमध्ये पंधरा-वीस दिवस जाऊ द्या आणि दर वेळी मुलांना घरी करायला काहीतरी द्या.

हे मी बिहारमधल्या दोन प्रयोगांच्या आधाराने म्हणतेय. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने गया भागात लोकांना तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. खोटी बातमी ओळखण्यात सरासरीने काहीच फरक पडला नाही. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी वर्ग घेतले, तेही गावच्या वाचनालयांमध्येच. ५८३ गावांतली १३,५०० हून अधिक मुलं त्या अभ्यासात होती. काही आठवड्यांच्या अंतराने चार वर्ग झाले, भर आरोग्याविषयीच्या माहितीवर होता. त्याचा परिणाम चार महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांच्या आईवडिलांमध्येही दिसला. राजकारणापासून सुरुवात करू नका, हेही मी त्यातूनच उचललं. निवडणुकीचं उदाहरण घेतलंत की अर्धी मुलं आपापल्या घरची बाजू लढवायला लागतात, आणि पडताळणी राहते बाजूला.

एका व्याख्यानातून मूल बहुधा एवढंच घेऊन जातं की सगळीकडे फसवणूक चालू आहे. मग ते खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवेनासं होतं, आणि मला याची खोट्या बातमीइतकीच काळजी वाटते. हवामान खात्याने खरोखर रेड अलर्ट दिलेला असताना ‘असले मेसेज रोजच येतात’ म्हणत पोरं म्हादईत पोहायला उतरली तर? म्हणून प्रत्येक बैठकीतल्या निम्म्या बातम्या खऱ्या ठेवा.

पहिली बैठक पावसावर घ्या. संततधार लागली की शिक्षण खात्याच्या नावाने ‘उद्या शाळांना सुट्टी’ असं परिपत्रक ग्रुपवर फिरायला लागतं. कधी ते खरं असतं, कधी जुनं पण तारीख कापलेलं, कधी कुणीतरी मोबाइलवर तयार केलेलं. तिन्ही प्रकारचे नमुने छापून मुलांच्या हातात द्या आणि शेवटी आठवणीने परत गोळा करा. मुलं शिक्का बघतील, सही बघतील, शुद्धलेखनाच्या चुका काढतील. काढू द्या. मग विचारा, शिक्का चिकटवायला किती वेळ लागतो? खरं उत्तर त्या कागदाच्या बाहेर असतं: पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर काय आहे, आकाशवाणीच्या बातम्यांत काय सांगितलं, वर्गशिक्षिकेला कुणी फोन केला का.

कागदाबाहेर पडण्याची ही सवय मोठ्या विद्वानांनाही नसते. स्टॅनफर्डच्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासतज्ज्ञ, बातम्या पडताळणारे १० व्यावसायिक आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. भारदस्त नाव आणि सुबक बोधचिन्ह बघून इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी बऱ्याचदा फसले. पडताळणीवाले त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. नवी टॅब उघडून त्यांनी या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहिलं. तुमच्या मुलांना एवढी एकच गोष्ट अंगवळणी पडली तरी पुष्कळ झालं. एआयच्या चित्रांतली बोटं मोजायला शिकवण्यात मात्र वेळ घालवू नका, ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही.

दुसरी बैठक फोटो आणि व्हिडिओंची. गूगल लेन्समध्ये फोटो टाकून तो सर्वांत आधी कुठे, कधी आला हे शोधायला मुलं पटकन शिकतात. नववीच्या पुढच्यांना मी इथे २०१८ चा तो व्हिडिओ समजावून सांगते, दाखवत नाही. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असा तो होता. मुळात ती कराचीतली बालसुरक्षेची जाहिरात. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून तो भारतभर फिरला. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. आपल्याही वाड्यांवर अनोळखी माणसं येतात. ‘सावध राहा’ म्हणून पुढे ढकललेला मेसेज कुणाच्या जिवावर उठू शकतो, हे मुलांना कळायलाच हवं, आणि त्यासाठी त्यांना बोलायला भरपूर वेळ द्या.

तिसरीला वर्तमानपत्रं आणा, जेवढी मिळतील तेवढी. संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं असलेली प्रिंटलाइन शोधायला लावा. वर्तमानपत्र चुकलं तर जाब कुणाला विचारायचा ते तिथे छापलेलं असतं, फॉरवर्डवर तसं काही नसतं. मग एखादी जुनी घटना द्या, उदाहरणार्थ ५ जुलै १९८६ रोजी कोसळलेला मांडवीवरचा नेहरू पूल, आणि तिची खात्री करून आणायला सांगा. आजोबांना विचारून, जुने अंक बघून. जमलं तर पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक फेरी काढा.

चौथी बैठक सर्वांत अवघड, कारण ती घरच्यांबद्दल आहे. मुलाला मेसेज खोटा आहे हे कळतं, पण तो मामाने टाकलेला असतो. चारचौघांत खोडून काढलं तर मामा दुखावतो आणि हट्टाला पेटतो. म्हणून मुलांकडून प्रत्यक्ष बोलून सराव करून घ्या: मामाला वेगळा मेसेज करायचा, ‘मामा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? मी शोधलं तर हे मिळालं.’ खरं काय ते आधी सांगायचं, खोटं वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारायचं नाही. तेच तेच कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त टप्पे ओलांडून आलाय, म्हणजे पाठवणाऱ्यालाही मूळ माहीत नसण्याचीच शक्यता जास्त, हे मुलीच्या तोंडून ऐकलं की मोठी माणसं थांबून विचार करतात.

जमलं तर वेळापत्रक असं आखा की चौथी बैठक चतुर्थीच्या आधी संपेल. सगळं कुटुंब मूळ घरी जमतं, आणि समोरासमोर बसून बोलणं मुलांना फोनपेक्षा सोपं जातं. पहिल्या बैठकीसाठीचे परिपत्रकांचे नमुने माझ्याकडे तयार आहेत, हवे असतील तर इथेच सांगा.