दुबई पायी, मेट्रोने आणि एक दिरहमच्या होडीतून

प्रश्न : जानेवारीत मुलाकडे दुबईला जाणार आहोत. मुलगा-सून दिवसभर कामावर. आम्ही दोघं साठीच्या पुढची, पण चालायची सवय आहे. गाडीशिवाय फिरता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की येईल, आणि महिनाही चांगला निवडला आहे. फक्त दुबई सलग चालत पाहायची नसते. मेट्रोने एका भागात उतरायचं, तो भाग पायी बघायचा आणि पुन्हा मेट्रो धरायची. सुरुवात खाडीकाठच्या जुन्या गावापासून करा. काचेच्या मनोऱ्यांआधी ते बघावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

सकाळी आठ-साडेआठला ग्रीन लाइनच्या शरफ डीजी स्थानकावर उतरा. रेड लाइनने येत असाल तर बुर्जुमान किंवा युनियनला गाडी बदलावी लागते. तिथून चालत अल फहिदीच्या जुन्या वस्तीत या. पोवळ्याचे दगड आणि जिप्सम वापरून बांधलेली ही घरं. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत, म्हणजे दोन्ही भिंतींची सावली रस्त्यावर पडते. घरांवर चौकोनी वाराबुरूज दिसतील, त्यांना बर्जील म्हणतात. चारही बाजूंचा वारा पकडून तो खालच्या खोलीत उतरवायचा, अशी ती रचना. एखादं घर आतून बघायला मिळालं तर बुरुजाच्या बरोबर खाली उभं राहा, झुळूक डोक्यावर येते.

पुढे लाकडी छताच्या कापडबाजारातून अब्राच्या धक्क्यावर जा. अब्रा म्हणजे लाकडी होडी. मधोमध एक लांब बाक, त्यावर उतारू पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात. नावाडी मधल्या खळग्यात उभा राहून होडी हाकतो. भाडं 1 दिरहम, रोख, म्हणून सुटी नाणी जवळ हवीत. चढताना धक्का आणि होडी यांत फट असते. होडी टेकेपर्यंत थांबा, मगच पाय टाका.

पलीकडे देरा. मसाल्यांचा बाजार, मग सोनेबाजार, आणि परतीला अल रास स्थानक. सगळं मिळून तीनेक किलोमीटर चालणं होतं. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, म्हणून सकाळची वेळ साधा. रविवारी मेट्रो 8 वाजता सुरू होते, एरवी पहाटे 5 वाजता.

प्रश्न : जूनमध्ये चार दिवस जातोय. नकाशावर हॉटेल मेट्रोपासून जेमतेम 400 मीटर दिसतं, रस्त्याच्या पलीकडे. चालत जमेल ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रस्ता कोणता ते आधी बघा. शेख झायेद मार्ग असेल तर सरळ रेषेतलं अंतर काही कामाचं नाही. दोन्ही बाजूंना मिळून बारा-चौदा पदरी रस्ता, मध्ये कुंपण, आणि भलतीकडून ओलांडल्यास जबर दंड. पलीकडे जायची सोय म्हणजे स्थानकाचा वातानुकूलित पादचारी पूल. हॉटेलला विचारा : तुमच्या दारापासून पुलाच्या तोंडापर्यंत किती मिनिटं? जूनमध्ये ते उत्तर दहाच्या पुढे गेलं तर हॉटेल बदला. पारा चाळिशीपार असतो. 15 जूनपासून तर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. तुमचं चालणं सकाळी नवाच्या आत आणि सूर्यास्तानंतर.

बुर्ज खलिफा–दुबई मॉल स्थानकापासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल सुमारे 820 मीटर आहे. ऊन लागत नाही, पण पाय लागतात.

प्रश्न : नोल कार्ड कोणतं घ्यावं? आणि पैसे जास्त का कापले जातात? – एक वाचक, पुणे

उत्तर : नोल म्हणजे मेट्रो-बसचं भाडं भरायचं कार्ड. दोनतीन दिवसांहून जास्त राहणार असाल तर त्यातलं सिल्व्हर घ्या : 25 दिरहम, त्यातले 19 प्रवासाला. माणशी एक कार्ड लागतं. भाड्यासाठी शहराचे विभाग पाडलेले आहेत : एका विभागात 3, शेजारच्या विभागात गेलात तर 5, त्यापुढे 7.5 दिरहम. देरा आणि खाडीच्या अलीकडचं बर दुबई (अल फहिदीची बाजू) यांचे विभाग वेगळे आहेत, त्यामुळे खाडी ओलांडायला होडीच स्वस्त पडते.

जास्त पैसे कापले जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उतरताना कार्ड न लावणं. मेट्रोत फाटक अडवतं, म्हणून विसर पडत नाही. बसमध्ये मात्र दाराजवळच्या यंत्राला चढतानाही आणि उतरतानाही लावावं लागतं. बसमध्ये रोख चालत नाही. गाडी बदलताना पुढची गाडी 30 मिनिटांत धरलीत तर तो एकच प्रवास धरला जातो. म्हणून मध्ये चहाला थांबायचं तर हे गणित लक्षात ठेवा. चहा स्थानकाबाहेरच प्या, मेट्रोत खाण्यापिण्याला 100 दिरहम दंड आहे. तेवढाच दंड महिलांच्या डब्यात पुरुष दिसल्यास. फलाटावरच्या खुणा बघून उभे राहा. नवरा-बायको बरोबर असाल तर मधल्या डब्यात चढा.