'गन कंट्रोल' म्हणजे 'बंदूकबंदी' नव्हे

प्रश्न : अमेरिकेतल्या 'गन कंट्रोल'च्या बातम्यांत कुठे 'शस्त्रबंदी', कुठे 'बंदूकबंदी', तर कुठे 'शस्त्रनियंत्रण' छापलेलं दिसतं. बरोबर काय?

'बंदूक नियंत्रण' लिहा. 'शस्त्रनियंत्रण' म्हटलं की अण्वस्त्रांचे करार आठवतात. 'शस्त्रबंदी' हा शब्द तर आपल्या पोलिसांनी आधीच अडवून ठेवलाय. सणासुदीला आणि निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली 'जमावबंदी व शस्त्रबंदी आदेश' निघतो, त्यात लाठ्याकाठ्या, तलवारी, दगडसुद्धा येतात आणि मुदत संपली की तो आपोआप उठतो.

'बंदूकबंदी' मात्र नुसता ढिसाळ शब्द नाही. दारूबंदी, नोटबंदी ऐकत आलेल्या वाचकाला 'बंदी' म्हणजे वस्तू गेलीच, असं वाटतं. आणि 'सरकार तुमच्या बंदुका काढून घेणार' हाच तर तिकडे नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेचा आणि अनेक रिपब्लिकन उमेदवारांचा ठेवणीतला प्रचार. म्हणजे 'बंदूकबंदी' लिहिणारा उपसंपादक नकळत एका पक्षाचं भाषण छापून मोकळा होतो.

मँचिन आणि टूमी या दोन सिनेटरांनी बंदूक नियंत्रण विधेयकाला सुचवलेल्या दुरुस्तीचं उदाहरण घ्या. डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर एप्रिल 2013 मध्ये ही दुरुस्ती सिनेटपुढे आली. मागणी एवढीच होती, की बंदुकांच्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन जाहिरातींवरून होणाऱ्या विक्रीतही गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची पडताळणी व्हावी. कुणाच्या घरची एकही बंदूक त्यानं हलणार नव्हती. बाजूनं 54 मतं पडली, हवी होती 60, सगळं बारगळलं. याला 'बंदूकबंदी फेटाळली' म्हणणं म्हणजे चक्क चुकीची बातमी देणं. 'बंदी' शोभते ती 1994 च्या कायद्याला. काही अर्धस्वयंचलित रायफलींचं उत्पादन आणि विक्री त्यानं दहा वर्षं थांबवली, 2004 साली मुदत संपली आणि पुन्हा वाढवली गेली नाही. त्यातही लोकांकडे आधीपासून होत्या त्या रायफली तशाच राहिल्या.

'परवाना' हा शब्दही जपून वापरा. आपल्याकडे परवाना बंदूक घेणाऱ्याचा. कोकणात माकडं-रानडुकरं हाकायला शेतीसंरक्षणाची बंदूक हवी तरी परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि निवडणूक लागली की ती बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा होते. अमेरिकेत केंद्राचा परवाना असतो तो दुकानदाराचा. गिऱ्हाईक त्याच्या दुकानात '4473' क्रमांकाचा फॉर्म भरतं : ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालीय का, अमली पदार्थांचं व्यसन आहे का. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी बेकायदाच, अशी तंबीही त्यावर असते. मग एफबीआयकडे चौकशी जाते आणि बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर सर्वसाधारणपणे दुकानदार बंदूक देऊ शकतो! काही राज्यांत गिऱ्हाइकालाही परवाना लागतो, बहुतेक राज्यांत लागत नाही. म्हणून 'हल्लेखोराकडे परवाना होता' असं लिहिण्याआधी राज्य कोणतं ते बघा, नाहीतर सरळ 'बंदूक कायदेशीर मार्गानं घेतली होती' असं लिहा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'शस्त्र बाळगण्याचा हक्क' हे ठरीव भाषांतरही अपुरं पडतं. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत क्रियापदं दोन आहेत : शस्त्र ठेवणं आणि शस्त्र घेऊन फिरणं. आपलं 'बाळगणं' दोन्ही गिळून टाकतं. 'विनापरवाना पिस्तूल बाळगल्याप्रकरणी अटक' या बातमीत पिस्तूल कमरेला होतं की कपाटात, ते कळत नाही. तिकडे याच फरकावर दोन मोठे निकाल उभे आहेत. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. घराबाहेर ते घेऊन फिरण्याच्या हक्कावर न्यू यॉर्कच्या ब्रुएन खटल्यात शिक्कामोर्तब झालं ते थेट 2022 साली. 'बाळगण्याचा हक्क मिळाला' असं दोन्ही वेळा छापलं, तर वाचक म्हणणार, मग मधली 14 वर्षं भांडत काय होते? तेव्हा 'ठेवण्याचा आणि घेऊन फिरण्याचा हक्क' असं लिहा. लांबतं, पण इलाज नाही.

तिकडचे नियंत्रणवादी आता 'कंट्रोल' टाळून 'गन सेफ्टी' म्हणतात, कारण 'कंट्रोल' ऐकताच मतदार बिथरतो. त्याचं 'बंदूक सुरक्षा' करू नका. मराठीत त्याचा अर्थ बंदुकीला कुलूप लावणं असाच होईल.

'बंदूक' म्हटल्यावर पिस्तूल त्यात येतं का, ही शंका काढू नये. 'बंदूकधारी' म्हणताना आपण नळीची लांबी मोजत नाही. आणि शुद्धलेखनाचं विचारणार असाल तर : बंदूक दीर्घ, बंदुकीचा ऱ्हस्व, सामासिक 'बंदूक नियंत्रण' पुन्हा दीर्घ.