विमान कसं उडतं हे शून्यापासून शिकायचंय, बारावी कॉमर्स, गणित कच्चं आहे. सुरुवात कुठून करू?

बारावी कॉमर्स, गणित कच्चं, असं तुम्ही लिहिलंय. त्याने काही अडत नाही. अडतं ते शाळेत डोक्यात बसलेल्या एका गोष्टीने: पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेबरोबर पोहोचायचं म्हणून ती जोरात पळते, वेग वाढला की दाब कमी, झालं विमान वर. यातलं 'बरोबर पोहोचायचं' हे साफ खोटं आहे. पलीकडच्या कडेला भेटायचं असं काही हवेच्या कणांचं ठरलेलं नसतं. केंब्रिज विद्यापीठाच्या होल्गर बाबिन्स्की यांनी पंखावरून धूर सोडून त्याचं चित्रण केलंय. वरचा धूर खालच्याच्या बराच आधी पोहोचतो.

माझा राग जुना आहे. 1994, नववी, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. सरांनी वर्गातल्या हुशार मुलांकडून तक्ता करून घेतला होता: फुगीर पंख, निळे बाण, वर 'बर्नूली' (वेग वाढला की दाब कमी, हा नियम त्यांचा). त्याशेजारी ठेवायला मी ग्लायडर केलं. गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोल (तेव्हा बंदी नव्हती), मधे पतंगाची कामटी. फेविक्विकने थर्माकोल विरघळतो हे एक पंख गेल्यावर कळलं, मग फेविकॉल. पंख अगदी सपाट, कारण गोलाई द्यायला मला जमत नव्हतं.

फेकलं की नाक वर करून हवेत थबकायचं आणि शेपटीवर आपटायचं. आईने परातीतली कणकेची गोळी दिली, नाकाला लाव म्हणाली. भरपूर लावली तर सरळ जमिनीत. मग चिमूट चिमूट काढत गेलो. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर आला, आणि सकाळी आठ वाजता ते शाळेच्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत गेलं. सपाट पंखावर! वरचा रस्ता आणि खालचा रस्ता, दोन्ही सारखेच.

परीक्षक आले दुपारी तीनला. फेकलं, नाक वर, धप्प. पुन्हा तेच. सर त्यांना म्हणाले, "पंखाला आकार नाही ना दिला, म्हणून." तक्त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

घरी आल्यावर गोळी हाताला लागली ती खडखडीत. दिवसभरात वाळली होती. त्यातलं पाणी उडालं, नाक हलकं झालं, तोल मागे सरकला. तोल मागे गेला की नाक उचललं जातं आणि पंख समोरच्या हवेला जास्त जास्त तिरका होत जातो. नेहमीच्या पंखाला साधारण 15 अंशांपुढे, सपाट फळीला त्याच्याही आधी, वरची हवा पंखाला धरून वाहायचं सोडते. उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

सकाळी सपाट पंखही तरंगला तो बेताच्या तिरकेपणावर. म्हणजे उडण्याचं मूळ त्या तिरकेपणात आहे. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर रेटते. तुम्ही कॉमर्सच्या आहात म्हणून सांगतो, न्यूटन (हवा खाली ढकलली की ती वर रेटते) आणि बर्नूली (वर दाब कमी) ही एकाच व्यवहाराची जमा आणि नावे आहेत. आकडा बघा. सेस्ना 172 हे चार जणांचं विमान, वजन साधारण 1,100 किलो, पंख 16 चौरस मीटर. चौरस मीटरला सत्तरेक किलो भार. वातावरणाचा दाब तेवढ्याच जागेवर दहा हजार किलोच्या वर. वरखाली एक टक्क्याहूनही कमी फरक पडला तरी विमान हवेत राहतं.

वाचायला नासाची नवशिक्यांसाठीची पानं फुकट आहेत, त्यात हा 'बरोबर पोहोचण्याचा' सिद्धांत चुकीचा म्हणून वेगळा मांडलाय. इंग्रजी सोपं आहे. एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) व्याख्यानं नंतर बघा, त्यांना गणित लागतं.

मागच्या वर्षी एका लग्नात सर भेटले. पंगतीत शेजारी बसून मी त्यांना कणकेचं सगळं सांगितलं, फुगीर बाजू खाली करून उलटं उडणाऱ्या विमानांचंही. त्यांनी शांतपणे मठ्ठा संपवला आणि म्हणाले, "पण पडलं होतं ना?"

आता खरं सांगायचं तर आकाराला किंमत आहेच. बाक दिलेला पंख तेवढ्याच कोनात जास्त उचल देतो, गोल नाकाचा पंख स्टॉल लांबवतो, आणि दोन्ही मिळून हवेचा विरोध कमी होतो. फुगीर पंख काही उगाच करत नाहीत. वरची हवा जोरात जाते हेही खरं, फक्त कारण ते नाही. तक्त्यातला तेवढा भाग बरोबर होता.

तर आधी ग्लायडर करा, वाचन नंतर. पुठ्ठ्याचा पंख चालेल. नाकाला कणीक नको, रुपयाचं नाणं रबरबँडने बांधा, पुढेमागे सरकवता येतं.